वादळानंतरची दोन घरं: आमचं कारखान्यातलं, दादाचं चिऱ्याचं

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ आमच्या वाडीवरून गेलं तेव्हा आई-आप्पा माजघरात मधल्या खांबाला टेकून बसले होते. दापोली तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून आठ-नऊ किलोमीटर आत. वादळं किनाऱ्याला येतात, आपल्याकडे फक्त पाऊस येतो, असा तोवर सगळ्यांचा समज. त्या दिवशी आधी कौलं गेली. मग वाऱ्याला आत शिरायला वाट मिळाली आणि पश्चिमेचं अख्खं पाखं रिपांसकट उचललं गेलं. मी डोंबिवलीत, लॉकडाऊनमध्ये अडकलेली. आईचा आवाज मला पाचव्या दिवशी ऐकू आला, तोही कोणीतरी टेकाडावर चढून रेंज पकडली म्हणून. "माणसं आहोत," एवढंच ती म्हणाली.

वर्षभर पत्र्यांवर काढलं. पुढच्या मेमध्ये तौक्ते बाजूने गेलं आणि ते पत्रेही विस्कटले. ते नीट करायला चढलेल्या माणसाने वासा बोटाने दाबून दाखवला, तर आतून भुसा गळायला लागला. वाळवीने वासे पोखरले होते. भिंती खिडकीच्या उंचीपर्यंत चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, आणि वर मातीच्या. ती माती दोन पावसाळे भिजून फुगली होती. घर उतरवायचं ठरलं. आप्पा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

शेजारच्या अंगणात काकांचं घर, त्याचीही तीच गत. माझ्या चुलतभावाने, दादाने, त्याच आठवड्यात सांगून टाकलं की तो चिराच लावणार. मला तसं पटकन ठरवता येईना. आमच्याकडे बांधकामाचे महिने दिवाळीनंतर ते मेअखेर. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात जून ते ऑक्टोबर कोणी भिंत उभी करत नाही. गवंडी एकाच वेळी चार घरं धरून ठेवतो. दादा गावात राहतो, रोज कामावर उभा राहू शकतो. आप्पा पासष्टीचे, मी नोकरीला. दोन दोन पावसाळे आई-आप्पांनी गोठ्यात काढायचे का, हा प्रश्न मला झोपू देत नव्हता. म्हणून मी कारखान्यात तयार होणाऱ्या घरांची माहिती काढायला लागले.

सुरुवातीला सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले होते. पोर्टा केबिन, प्रीफॅब, मॉड्युलर, कंटेनरचं घर. वाडीत तर सरसकट "पत्र्याचं घर" एवढाच एक शब्द. नोव्हेंबर २०२१ मध्ये मी आणि दादा पुण्याजवळच्या एका कारखान्यात गेलो. दादा केवळ मला सोबत म्हणून आला होता, पण तिथे सगळ्यात जास्त प्रश्न त्यानेच विचारले. तिथल्या इंजिनिअरने आम्हाला आधी आवारात उभी असलेली एक तयार खोली दाखवली. फरशी, खिडक्या, दिवे, संडासाचं भांडं, नळ, सगळं बसवलेलं. ही ट्रेलरवर चढवायची, जागेवर क्रेनने उतरवायची, शेजारी दुसरी ठेवायची आणि दोन्ही जोडायच्या. याला खरं मॉड्युलर म्हणतात, म्हणजे घराचा एक अख्खा तुकडाच कारखान्यात पूर्ण होतो. दुसऱ्या शेडमध्ये सपाट पॅनेलं रचलेली होती. त्या पद्धतीत भिंतींचे सांगाडे कारखान्यात तयार होतात, ट्रकमधून आडवे येतात आणि जागेवर जोडले जातात. प्रीफॅब हा या दोन्हींना पोटात घेणारा शब्द. पोर्टा केबिन म्हणजे कामाच्या साइटवरची तात्पुरती खोली. तिचा आणि राहत्या घराचा संबंध फार लांबचा.

मला तयार खोलीचाच मोह झाला होता. तो दोन गोष्टींनी सुटला. आपल्याकडे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंतच चालते, म्हणजे साडेआठ फूट. त्याहून रुंद माल न्यायचा तर खास परवानगी, मागेपुढे गाडी, रात्रीचा प्रवास. मग तयार खोलीची रुंदीही साडेआठ फुटांतच बसवावी लागते. मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "अगो, साडेआठ फुटांत गणपती कुठे बसवायचा आणि आरतीला माणसं कुठे उभी करायची?" दुसरी गोष्ट रस्त्याची. पुण्याहून ताम्हिणी उतरायचा, माणगाव-महाड-पोलादपूर करत कशेडी ओलांडायचा, खेडवरून दापोली गाठायची, आणि शेवटी आमच्या वाडीचा लाल मातीचा रस्ता, ज्याच्या वळणावर फणसाची फांदी टेम्पोच्या हुडाला घासते. तिथे चाळीस फुटी ट्रेलर आणि क्रेन आणायची तर आधी फणस पाडायला हवा होता. पॅनेलं ठरली.

त्या शेडमध्ये पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांपुढे आहे. पोलादी पत्र्याचं मोठं रीळ एका टोकाला लावलेलं. पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. तो यंत्रात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची दांडी होऊन बाहेर येतो. ठरलेल्या लांबीला कापलेली, वायर जायला भोकं पाडलेली आणि अंगावर नंबर छापलेली. कोणता नंबर कोणत्या भिंतीत कुठे, हे संगणकातल्या नकाशात आधीच ठरलेलं. याला लाइट गेज स्टील फ्रेम म्हणतात. आमच्या ३२ बाय २० फुटांच्या घराचा सगळा सांगाडा अडीच टनांच्या आसपास भरेल असं इंजिनिअरने सांगितलं. दादाने तिथेच मनातल्या मनात हिशोब केला. त्याच्या घराला अडीच हजारांवर चिरे लागणार, एकेक चिरा तीस-बत्तीस किलोचा. म्हणजे नुसत्या भिंतींचे ऐंशी टन. "एवढं हलकं घर परत वादळ आलं तर राहील?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मीही आप्पांच्या वतीने विचारणारच होते. उत्तर मला पटलं, म्हणून सांगते. भूकंपात घराला बसणारा हिसका घराच्या वजनाबरोबर वाढतो. १९९३ साली किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद, यांनीच झोपेतली माणसं गाडली. आमचा भाग कोयनेपासून फार लांब नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे फडताळातली भांडी खाली आलेली आप्पांना आठवतात. तिथे हलकं घर फायद्याचं. वाऱ्याचं गणित मात्र उलटं. वारा हलकं घर वर उचलू पाहतो, म्हणून हलक्या घराचं सगळं लक्ष पकडीवर असतं. छताची कैची भिंतीला, भिंत खालच्या पट्टीला आणि ती पट्टी जोत्यात खोल गेलेल्या बोल्टला, अशी एकच साखळी वरपासून खालपर्यंत हवी. आमच्या जुन्या घरात कौलं नुसत्या वजनावर रिपांवर बसलेली होती, तिथेच वाऱ्याला सापडलं. मी वाऱ्याच्या भाराचं गणित लेखी मागितलं. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या भाग ३ प्रमाणे केलेली चार पानं मिळाली. ती मला स्वतःला तपासता येत नव्हती, म्हणून दापोलीतल्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन दाखवली. त्याने कोपऱ्यांतले बोल्ट वाढवायला लावले. असं घर घेणाऱ्या प्रत्येकाने एवढा खर्च करावाच.

दुसरी चौकशी गंजाची. हवेत खार असतो आणि पोलाद पातळ असतं. पत्र्यावर जस्ताचा थर किती, हे प्रमाणपत्रावर पाहायचं असतं. झेड २७५ म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त. स्वस्त मालात तो झेड १२० सुद्धा असतो आणि नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच चकचकीत दिसतात. मी करारात झेड २७५ लिहून घेतलं आणि माल उतरला त्या दिवशी रिळाच्या प्रमाणपत्राची प्रत मागितली. जागेवर काही कापलं तर कापलेल्या तोंडाला जस्ताचा रंग लावायचा, हेही लिहून घेतलं. जोडणी चालू असताना आप्पा हातात तो डबा घेऊन मागे मागे फिरत होते. पोरांनी दांडी कापली की आप्पा ब्रश पुढे करायचे.

दर चौरस फुटाला १,७५० रुपये सांगितला. ६४० फुटांचे ११ लाख २० हजार. मी सुखावले. मग दोन रात्री बसून कोटेशनमधलं "यात समाविष्ट नाही" हे पान वाचलं. जोतं नाही, शौचाची टाकी नाही, ट्रक-टेम्पो नाही, पाण्याची टाकी ठेवायचा मनोरा नाही, आणि वर १८ टक्के जीएसटी. पाण्याच्या टाकीचं मला आधी कळलंच नाही. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती या छतावर ठेवता येत नाही, छत त्या वजनासाठी धरलेलंच नसतं. सगळं धरून, पुढे बांधलेल्या पडवीसकट, आमचे १८ लाख ७० हजारांच्या आसपास गेले. दादाचं ७२० फुटांचं घर पडवीसकट सव्वासतरा लाखांत झालं. त्यालाही सिमेंटवर तेव्हा २८ टक्के कर पडलाच, पण स्वतःच्या एका घरासाठी नुसती मजुरी दिली तर तिच्यावर जीएसटी नसतो. शिवाय मुकादमाचं काम त्याने स्वतः केलं. कारखान्याचं घर स्वस्त पडतं असं कोणी सांगितलं तर ते समाविष्ट नसलेलं पान आधी मागा.

बँकेचं थोडक्यात सांगते. एका बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याने "आरसीसी नाही, लोड बेअरिंग नाही, मग हे लिहू काय?" म्हणत फाइल परत केली. शेवटी पतसंस्थेकडून जास्त व्याजाने उचललं. तशीच अडचण ग्रामपंचायतीत आली. घरपट्टीच्या नोंदीत बांधकामाचे प्रकार ठरलेले आहेत: मातीचं, दगड-विटा-मातीचं, दगड-विटा-सिमेंटचं, आरसीसी. आमचं कुठल्याच रकान्यात बसेना. ग्रामसेवकांनी मात्र मनापासून मदत केली, नकाशा समजावून घेतला, वरिष्ठांना विचारून नोंद लावली. या पद्धतीला सरकारचीच मान्यता आहे हे दाखवायला मी १ जानेवारी २०२१ ला पायाभरणी झालेल्या लाइट हाउस प्रकल्पांची, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्या पद्धतींच्या घरबांधणीची, माहिती छापून नेली होती. त्यात अगरतळ्याला हीच हलक्या पोलादी सांगाड्याची पद्धत घेतली होती, आणि रांचीला तर काँक्रीटच्या अख्ख्या खोल्या आधी ओतून एकावर एक रचायच्या होत्या. ते कागद आप्पांनी घरी आणून पुन्हा वाचले. पत्र्याचं घर हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडी आला नाही.

डिसेंबरात करार झाला. त्यानंतरचे पंधरा दिवस मला सगळ्यात अवघड गेले. अजून जमिनीवर एक रेघ नव्हती आणि कारखाना विचारत होता: कोणतं बटण कुठल्या दाराच्या कोणत्या अंगाला? पाण्याच्या फिल्टरचा प्लग किती उंचीवर? देव्हारा भिंतीला टांगणार की खाली ठेवणार? टांगणार असाल तर तिथे आतून जादा दांडी टाकावी लागेल. चिऱ्याच्या घरात हे प्रश्न एकेक करून येतात, आपण त्या खोलीत उभे असताना येतात. दादाने स्वयंपाकघराची खिडकी भिंत कमरेइतकी झाल्यावर दीड फूट सरकवली, कारण वहिनी तिथे उभी राहिली आणि तिला विहीर दिसेना. गवंडी हसला आणि दोन चिरे उचलून बाजूला ठेवले. माझी खिडकी एकदा यंत्राला गेली की गेली. मी नकाशा पाठवला आणि चार दिवसांनी आईने विचारलं, "चुलीपाशी उभं राहिलं की तुळस दिसते ना?" दिसत नव्हती. मी सकाळी सात वाजता इंजिनिअरला फोन लावला. "ताई, आज अकराला कटिंगला जाणार होतं," तो म्हणाला आणि त्याने काम थांबवलं. त्या माणसाचे उपकार आहेत.

मग मी डोंबिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर खडूने अख्खं घर खऱ्या मापात आखलं. दार, खिडकी, ओटा, पलंग. सुट्टीला आलेल्या आईला त्यात चालवलं. ती खडूच्या ओट्यापुढे उभी राहिली, हात लांब करून मसाल्याचा डबा घेतल्यासारखं केलं आणि म्हणाली, "फडताळ डावीकडे घे." त्या एका सकाळी आम्ही नऊ बदल केले. नकाशावर बोट ठेवून आईला ते कधीच सांगता आले नसते.

जानेवारीत जोतं सुरू झालं. जुन्या घराचे चिरे साफ करून तेच जोत्याला लावायचे हा आप्पांचा आग्रह, आणि मला तो फार आवडला. काम आमच्या जुन्या गवंडीकाकांनीच केलं. भरणी झाली, वरचं काँक्रीट झालं, पाणी मारून झालं. फेब्रुवारीच्या शेवटी जोडणीवाली चार पोरं आली. त्यांनी सामान खाली ठेवायच्या आधी टेप काढला आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले तरच जोतं काटकोनात. एक आला ३७ फूट ९ इंच. दुसरा ३७ फूट सव्वासात इंच. पोरं एकमेकांकडे पाहायला लागली.

गवंडीकाका म्हणाले, "पावणेदोन इंच ना? प्लास्टरात जाईल." चिऱ्याच्या घरात ते खरंच जातं. प्रत्येक चिरा थोडा लहानमोठा असतो, दोन चिऱ्यांमधला मसाला ते सांभाळून घेतो, आणि काकांचा सगळा हातखंडा त्या सांभाळून घेण्यातच आहे. त्यांनी बांधलेलं एकही घर आमच्या गावात पडलेलं नाही. पण या सांगाड्याला पाच-सहा मिलिमीटरच्या पलीकडे चालत नव्हतं. सगळ्या दांड्या नंबराप्रमाणे काटकोनात कापून आलेल्या. एका कोपऱ्यात जोतं भिंतीच्या बाहेर उरणार, दुसऱ्या कोपऱ्यात भिंत जोत्याच्या बाहेर लोंबणार. चूक काकांची नव्हती. किती फरक चालेल हे त्यांना आधी सांगायला हवं होतं. कारखान्याने ते नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आणि मी ते वाचूनही काकांना मोठ्याने वाचून दाखवलं नव्हतं.

नऊ दिवस गेले. उत्तर-पश्चिमेचा कोपरा फोडून, सळ्या बसवून पुन्हा ओतला, दुसरीकडचा छिलून काढला. काकांनी या वेळी गुण्या, म्हणजे काटकोन पाहायची पट्टी, बाजूला ठेवला आणि पोरांबरोबर दोरी धरून ३-४-५ चा त्रिकोण मोठ्या मापाने, १२-१६-२० फुटांचा करून आखला. कर्ण जुळले तेव्हा त्यांनी स्वतः टेप पुन्हा एकदा लावून पाहिला. आधी ओतून ठेवायचे बोल्ट मी सुदैवाने घेतले नव्हते; जागेवर भोक पाडून रासायनिक चिकटीने बसवायचे घेतले होते, नाहीतर ते सगळेच चुकले असते.

पुढे मात्र काम झपाट्याने झालं. दोन दिवसांत घराचा सगळा आकार उभा राहिला, आणि त्या सांगाड्यातून आरपार दादाच्या घराचा पाया दिसायचा. त्याच्याकडे तेव्हा तिसरा थर चालला होता. छताच्या कैच्या, पत्रे, मग भिंतींच्या बाहेरून दहा मिलिमीटरचे सिमेंट बोर्ड, आत ओल अडवणारा कागद, रॉकवूलचा (ऊन आणि आवाज अडवणाऱ्या दगडी लोकरीचा) थर, आतून पुन्हा बोर्ड. सगळी भिंत साडेचार इंचांची. बोर्ड बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक भिंतीला टेप लावून तिचा फोटो काढला: वायर कुठून जाते, पाण्याची नळी कुठून, उभ्या दांड्या कुठे. ते फोटो आजवर सहा-सात वेळा कामाला आले. नवीन घर घेणाऱ्या कोणालाही माझं पहिलं सांगणं हेच असतं.

आईने पहिल्यांदा भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि चेहरा पडला. "पोकळ वाजते गो." मी तिला समजावत बसले नाही, कारण पोकळच वाजते. ३ मे २०२२ ला, अक्षय्य तृतीयेला, गृहप्रवेश केला. त्या दिवशी दादाच्या भिंती खिडकीच्या वर पोचल्या होत्या. जूनमध्ये त्याने त्या प्लास्टिकने झाकल्या आणि पावसाळाभर त्याचं अख्खं कुटुंब आमच्याकडे रात्री झोपायला होतं. त्याचं घर पुढच्या वर्षी मेमध्ये पुरं झालं.

आता तीन पावसाळे झाले, तर राहून काय वाटतं ते सांगते. पहिल्या पावसात पडवी आणि घर जिथे जुळतं तिथे गळलं. पडवी आम्ही वेगळी बांधली होती: उतरवलेल्या घराचे ऐनाचे चार खांब आणि तुळई, वाचलेली कौलं. ती जोडणी कारखान्याच्या हमीत नव्हती. सांध्यावर पत्र्याची पट्टी वाकवून घातल्यावर थांबलं. उन्हाळ्यात बोर्डांच्या सांध्यांवर केसासारख्या रेघा आल्या. तिथे जाळीची पट्टी लावून पुन्हा भरून घ्यावं लागलं. रॉकवूल असूनही पावसाचा आवाज कौलांपेक्षा जास्त येतो. आप्पांना त्याचं काही नाही, आईला रेडिओ मोठा लावावा लागतो. वाळवी आणि ओल यांचं मात्र नाव नाही. दादाच्या पश्चिमेच्या भिंतीला श्रावणात आतून बुरशी धरते.

उष्णतेचं मी मोजून पाहिलं. २०२४ च्या मेमध्ये एकाच दिवशी, सारखेच दोन थर्मामीटर. दुपारी तीनला आमच्या ओटीत ३४ अंश, दादाच्या ओटीत साडेएकतीस. रात्री नऊला आमच्याकडे साडेअठ्ठावीस, त्याच्याकडे तीस. चिरा दिवसभर ऊन पिऊन ठेवतो आणि रात्री परत देतो. आमची भिंत काही साठवत नाही, बाहेरची हवा निवली की घर निवतं. म्हणून दुपारी आई-आप्पा दादाच्या ओटीत जाऊन पडतात, आणि रात्री दादाची मुलं अंथरूण घेऊन आमच्याकडे येतात.

भिंतीला खिळा ठोकता येत नाही याची सवय व्हायला वेळ लागला. दर दोन फुटांवर उभी दांडी आहे, वजन तिच्यावरच टांगायचं. आप्पांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं. ते भिंतीवरून फिरवतात; बोर्डाआडचा स्क्रू लागला की चुंबक चिकटतं, तिथे पेन्सिलची खूण. आजोबांचा मोठा फोटो त्यांनी तसाच लावला. झोपाळा मात्र ओटीत टांगता आला नाही, छताच्या कैच्या त्यासाठी नाहीत. तो पडवीत, जुन्या तुळईला आहे. आप्पा म्हणतात तिथेच बरा, रस्ता दिसतो.

या जानेवारीत दादा झोपाळ्यावर येऊन बसला आणि बराच वेळ आमच्या भिंतीकडे पाहत राहिला. त्याची मुलगी दहावीला गेलीय, तिला अभ्यासाला खोली हवी. खाली जागा नाही. वर चिरा चढवावा तर दापोलीच्या इंजिनिअरने नाही म्हटलं, पाया तेवढं वजन घेणार नाही. "तुझ्या त्या कारखान्याचा नंबर आहे का?" त्याने विचारलं. "वरची एक खोली हलकी करून घेतो. खालचं चिऱ्याचं राहू दे."

मी नंबर दिला. मग आतून टेप आणला आणि आम्ही त्याच्या स्लॅबवर चढलो. आप्पाही काठी टेकत मागोमाग आले. दादा कागद-पेन्सिल काढून खोलीची लांबी-रुंदी लिहायला लागला, तर आप्पांनी टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं, त्याला पूर्वेच्या कोपऱ्यात उभं केलं आणि दुसरं टोक घेऊन स्वतः समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालायला लागले. "आधी कर्ण मोज," ते म्हणाले.